धुराला वाट देताना

फळ्यावर ‘चिमणी’ हा शब्द लिहावा आणि वर्गाला विचारावे, की कोणाच्या डोळ्यांपुढे काय आले? बहुतेक मुले पक्षी सांगतील. मोहोळ तालुक्यातला वर्ग असेल तर काहींना साखर कारखान्याची उंच नळी आठवेल, कारण गाळपाच्या हंगामात ती दूरच्या शेतातूनही दिसते. आणि घरी बोलकी आजी असेल तर एखादा विद्यार्थी पत्र्याच्या डबीत वात घातलेल्या रॉकेलच्या दिव्याचे नाव घेईल. वीज येण्यापूर्वी खेड्यापाड्यांतला अभ्यास या ‘चिमणी’च्या उजेडातच झाला.

यातला पक्षी सोडून दिला, तर बाकीच्या दोन चिमण्या इंग्रजी शब्दावरून आल्या आहेत. कंदिलाच्या ज्योतीभोवतीच्या काचेच्या नळीलाही इंग्रजीत हाच शब्द आहे. गंमत अशी, की आपल्या पत्र्याच्या चिमणीला काच नसते, नळी नसते, आणि म्हणूनच ती काजळी धरते आणि नाकात धूर सोडते. जिला चिमणी नाही तीच चिमणी! मूळ शब्द लॅटिनमधला ‘कामिनुस’ आणि त्याआधी ग्रीकमधला ‘कामिनोस’. त्याचा अर्थ धुराची नळी असा नव्हताच. अर्थ होता भट्टी, म्हणजे आग ठेवण्याची जागा. पुढे आगीवरच्या नळीलाच ते नाव चिकटले. आपला स्वतःचा शब्द मात्र थेट धुराविषयी बोलतो: धुराडे.

आता एक प्रश्न. मोहोळच्या घराघरांत शतकानुशतके रोज दोन वेळा चूल पेटत आली. तरीही जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात चुलीवर बांधलेले धुराडे सहसा दिसत नाही. तेथून तीस-पस्तीस किलोमीटरवर असलेल्या सोलापुरात मात्र एकोणिसाव्या शतकातच गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. चिमणीचे तंत्र डोळ्यांसमोर होते, ते फार अवघडही नव्हते. मग ते गिरणीत आले आणि स्वयंपाकघरात का आले नाही? या लेखात आपण या प्रश्नाच्या मागे जाणार आहोत. पण त्याआधी चिमणी काम कशी करते ते पाहू.

चिमणी ओढते म्हणजे काय?

‘चिमणी धूर ओढते’ असे आपण म्हणतो. वास्तविक चिमणी काहीच ओढत नाही. बाहेरची थंड, जड हवा आतल्या गरम, हलक्या हवेला खालून वर ढकलते. तराजूच्या एका पारड्यात बाहेरच्या हवेचा स्तंभ आहे आणि दुसऱ्यात चिमणीतल्या वायूंचा, असे समजा. जड पारडे खाली जाते, हलके वर येते.

याचा हिशोब नववी-दहावीच्या मुलांना सहज करता येईल. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१७ किलोग्रॅम असते. तीच हवा २०० अंशांपर्यंत तापली, की ती प्रसरण पावते आणि एका घनमीटरात सुमारे ०.७५ किलोग्रॅमच हवा मावते. फरक ०.४२ किलोग्रॅम. गिरणीची चिमणी ५० मीटर उंच धरली, तर तळाच्या दर चौरस मीटरवर ०.४२ गुणिले ५०, म्हणजे २१ किलोग्रॅमचा फरक पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर उंच पाणी साठवले तर त्याचे वस्तुमान बरोबर एक किलोग्रॅम भरते. तेव्हा या चिमणीचा जोर पाण्याच्या २१ मिलिमीटर उंचीच्या थराइतका झाला. आकडा छोटा दिसतो, पण बॉयलरखालच्या जाळीवर पसरलेल्या कोळशाच्या जाड थरातून हवा खेचून आणायला तो पुरतो.

आता स्वयंपाकघराकडे या. नळी तीन मीटरांची, आतला धूर १५० अंशांचा. फरक घनमीटरमागे सुमारे ०.३३ किलोग्रॅम, तिनाने गुणले की जेमतेम एक. म्हणजे पाण्याच्या एकाच मिलिमीटरचा जोर. काजळीचा थर, नळीतले एखादे वळण किंवा छपरावरून उलटा येणारा वारा एवढ्यानेही तो संपून जातो. स्वयंपाकघरातली चिमणी नाजूक असते, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवायला हवे.

वर्गात हे दाखवायला पुठ्ठ्याचे एक खोके पुरे. त्याच्या वरच्या बाजूला दोन भोके पाडून त्यांवर जाड कागदाच्या किंवा पत्र्याच्या दोन नळ्या बसवा. एका नळीखाली पेटती मेणबत्ती ठेवा. कागदाला ज्योत लागणार नाही एवढे अंतर हवे. खोक्याची समोरची बाजू काचेने किंवा पारदर्शक कागदाने बंद करा. आता दुसऱ्या नळीच्या तोंडाशी धुमसती उदबत्ती धरा. धूर वर जाण्याऐवजी नळीतून खाली उतरतो, खोक्यातून आडवा जातो आणि मेणबत्तीच्या नळीतून वर निघतो. नंतर दुसरी नळी हाताने झाका आणि मेणबत्तीचे काय होते ते मुलांना पाहू द्या. हवा आत यायला वाट नसेल, तर धूर बाहेर जायलाही वाट नसते, हे एका प्रयोगातच कळते.

लंडनची गोष्ट

घरगुती कोळशाचे युग खऱ्या अर्थाने इंग्लंडचे. लंडनभोवतीचे सरपण महाग होत गेले आणि ईशान्य किनाऱ्यावरचा दगडी कोळसा जहाजांतून शहरात येऊ लागला. त्याच्या वासाला लोक इतके कंटाळले, की १३०६ साली राजा पहिल्या एडवर्डच्या काळात त्याच्या वापराविरुद्ध हुकूम निघाला. पण हुकमाने थंडी कमी होत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत कोळसा घराघरांत शिरला. लाकडाचा धूर खोलीत सहन करता येतो. गंधक असलेल्या कोळशाचा येत नाही. त्यामुळे कोळशाबरोबर विटांच्या चिमण्याही घराघरांत आल्या. १६६२ साली सरकारने दर चुलाण्यामागे वर्षाला दोन शिलिंग कर बसवला, आणि तो गोळा करणारे अधिकारी घरात शिरून चुलाणी मोजू लागले. लोकांचा एवढा रोष झाला, की १६८९ साली तो कर रद्द करावा लागला.

खोलीतला धूर गेला, पण चिमणीत काजळी साठू लागली. अरुंद, वळणावळणाच्या चिमण्या साफ करायला लहान मुले आत चढवली जात. १७७५ साली पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शल्यचिकित्सकाने लिहून ठेवले, की या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे कारण काजळी आहे. एखाद्या व्यवसायामुळे कर्करोग होतो हे दाखवणारे हे पहिले निरीक्षण मानले जाते. मुलांना चिमणीत चढवणे मात्र लगेच थांबले नाही. त्याविरुद्ध १७८८ पासून कायदे होत राहिले, ते मोडलेही जात राहिले, आणि १८७५ च्या कायद्यानंतरच ही प्रथा संपली.

काजळीतले नेमके काय घातक आहे हे कळायला आणखी काळ लागला. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना कोळशाचे डांबर महिनोन्‌महिने लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ साली ब्रिटिश संशोधकांनी डांबरातून एक शुद्ध पदार्थ वेगळा केला: बेंझोपायरीन. कार्बनची पाच कडी एकमेकांना जोडलेला हा रेणू. हे नाव लक्षात ठेवा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे, आणि लंडनपासून फार दूर.

चिमण्यांनी धूर खोलीतून रस्त्यावर नेला आणि पुढे सारे शहरच एक धुराची खोली बनले. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर थंड हवेचा थर बसून राहिला. वर गरम आणि खाली थंड अशी उलटी रचना झाल्यामुळे धूर वर जाईना. लाखो घरांच्या चिमण्या खालून धूर सोडतच होत्या. सुमारे चार हजार लोक दगावल्याचा तेव्हाचा अंदाज होता; नंतरच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि घरगुती कोळशाचा शेवट सुरू झाला. तो पूर्ण व्हायला आणखी सदुसष्ट वर्षे लागली: १ मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये घरात जाळण्यासाठी साधा दगडी कोळसा विकण्यास पूर्ण बंदी आली.

मोहोळला कोळसा आला तो रुळांवरून

सोलापूर जिल्ह्याच्या जमिनीत कोळसा नाही. पायाखाली आहे तो काळा बेसाल्ट, म्हणजे साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थरांवर थर पसरलेला लाव्हा. आपल्या देशातला बराचसा कोळसा त्याहून कितीतरी जुन्या, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या गोंडवन काळातल्या दलदलींमधून तयार झालेला आहे. तो चंद्रपूरकडे, तेलंगणात गोदावरीच्या खोऱ्यात, आणि झारखंड-बंगालमध्ये सापडतो. मोहोळच्या माणसाने आपल्या भागात कितीही खोल विहीर खणली तरी हाती खडकच लागतो.

म्हणून येथे दगडी कोळसा आला तो रेल्वेबरोबर. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुण्याकडून पुढे सरकत १८५९ साली बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत पोचला. १८६० साली तो मोहोळला आला, आणि त्याच वर्षी पुढे सोलापूरला गेला. म्हणजे १८६० मध्ये काही काळ हा लोहमार्ग मोहोळलाच संपत होता. मोहोळच्या शाळांनी मुलांना सांगावी अशी ही गोष्ट आहे. पुढे हा मार्ग रायचूरपर्यंत वाढला आणि १८७१ साली मद्रासकडून येणाऱ्या मार्गाला मिळाला.

त्या काळात पश्चिम भारतातल्या गिरण्या आणि आगगाड्या बऱ्याच प्रमाणात इंग्लंडहून जहाजाने आलेल्या कोळशावर चालत. देशी खाणी हळूहळू पुढे आल्या. चंद्रपूर भागातली वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली. हैदराबाद संस्थानातल्या येलंदू येथे १८८० च्या दशकाच्या अखेरीस कोळसा निघू लागला.

कोळसा आणि पाणी घेऊन धावणारे इंजिन ही मोहोळला दिसलेली पहिली मोठी चिमणी, आणि तीही चालती. तिची नळी फार आखूड असे. मग एवढ्या थोड्या उंचीत आगीला हवा कशी मिळे? इंजिनात काम करून आलेली वाफ चिमणीच्या तळाशी झोताने सोडत. तो झोत धुराला आपल्याबरोबर बाहेर नेई. ‘झुकझुक’ असा जो आवाज आगगाडीच्या गाण्यांत आला आहे तो याच झोताचा. उंचीचे काम वाफेने केले.

सोलापूरची पहिली मोठी कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली. तीच पुढे ‘जुनी गिरणी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू या गिरण्या तिच्या सोबतीला आल्या. गिरणीच्या भोंग्यावर शहराचे घड्याळ लागे आणि चिमणीच्या धुरावरून गिरणी चालू आहे की बंद, हे दुरूनच कळे. संपाच्या काळात धूर न निघणारी चिमणी ही अनेक घरांसाठी काळजीची खूण होती.

या चिमण्या उंच का बांधल्या? ‘धूर लोकांच्या डोक्यावरून जावा म्हणून’ असे उत्तर बहुतेक जण देतात. ते अर्धेच खरे आहे. वरच्या हिशोबात पाहिले तसे, उंची वाढली की आगीला मिळणारी हवा वाढते, कोळसा जोराने जळतो, वाफ भरपूर मिळते. उंच चिमणी ही आधी बॉयलरची गरज होती. सोलापूरच्या हवामानात हे स्पष्ट दिसते. ५० मीटरांच्या त्याच चिमणीचा जोर जानेवारीतल्या १५ अंशांच्या पहाटे सुमारे २४ मिलिमीटर भरेल, तर मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी सुमारे १९. बाहेरची हवाच तापून हलकी झाली, की तराजूचे पारडे तितके खाली जात नाही.

गिरण्यांचा धूर साऱ्यांना दिसत होता, त्यामुळे त्याविरुद्ध ओरडही झाली. कलकत्त्यासाठी १९०५ साली आणि मुंबईसाठी १९१२ साली धूरउपद्रवाचे कायदे झाले. धुराचा काळेपणा मोजायला फ्रान्समधल्या रिंगेलमान यांनी काढलेला एक साधा तक्ता जगभर वापरात आला होता: पांढऱ्या कागदावर कमी-अधिक जाडीच्या काळ्या रेघांच्या जाळ्या. तक्ता दूर धरून पाहायचा आणि चिमणीचा धूर कोणत्या क्रमांकाच्या करड्या रंगाशी जुळतो ते ठरवायचे. मोजण्याची ही रीत आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या धुरासाठीच होती. घराच्या चार भिंतींआडच्या धुराकडे असा तक्ता धरून कोणी पाहिले नाही.

माळवदाखालची चूल

आता मोहोळच्या जुन्या घरात जाऊ. दगडामातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळयांवर माती दाबून केलेले सपाट माळवद. सोलापूरच्या उन्हाळ्यात हे घर थंड राहते. स्वयंपाकघरात उजेड यायला आणि धूर जायला माळवदाला एक भोक ठेवलेले असे. त्याला म्हणत सवणे. पावसाळ्यात त्यावर झाकण पडे.

सवणे ही धुराची वाट खरी, पण ती चिमणी नव्हे. चुलीतून निघालेला धूर खोलीभर पसरतो, खोलीतल्या थंड हवेत मिसळून निवतो, आणि मग उरलेल्या थोड्याशा उबेच्या बळावर सवण्याकडे सरकतो. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनीच गरम असेल, तर ढकलणारा जोर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाही भरत नाही. धूर बाहेर जातो, पण स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांतून आणि छातीतून जाऊन मग.

शिवाय चुलीत जळत होते काय? दगडी कोळसा घरात सर्रास वापरला गेला तो खाणींजवळच्या बंगाल-बिहारातल्या शहरांत. आपल्याकडे चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, बाभळीचे सरपण आणि गोवऱ्या असत. जरा बऱ्या स्थितीतल्या घरांत आणि शहरांत लोखंडी शेगडीत लोणारी कोळसा जळे. तो वखारीतून पोत्याने आणावा लागे. रेल्वे जवळ असेल तेथे रुळांकडेला पडलेले इंजिनातले अर्धवट जळके कोळसे वेचून आणणारी गरीब कुटुंबेही होती.

लोणारी कोळशाला धूर कमी, म्हणून तो सुरक्षित वाटे. पण निखाऱ्यांच्या थराच्या तळाशी तयार झालेला कार्बन डायऑक्साइड वरच्या लाल कोळशातून जाताना कार्बन मोनॉक्साइड बनतो. शेगडीवर नाचणारी निळी ज्योत ही त्याचीच. हा वायू जळाला तर ठीक; न जळता खोलीत राहिला, तर त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत दारे-खिडक्या लावून शेगडी उशाशी ठेवून झोपणे म्हणूनच जीवघेणे ठरते. ही गोष्ट आजही दर हिवाळ्यात वर्गात सांगण्यासारखी आहे.

याच घरात एक चांगली चिमणी मात्र होती, आणि ती न्हाणीपाशी होती. ती म्हणजे पाणी तापवायचा तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. नळीत दोन-चार ढलप्या आणि गोवरीचा तुकडा टाकून पेटवले, की सुरुवातीला धूर होतो. नळी तापली की आग घुमू लागते आणि धूर जवळजवळ दिसेनासा होतो. हवा खालून येते, जळण नीट जळते आणि जाता जाता धूर आपली उष्णता पाण्याला देतो. थोड्या सरपणात घरभराचे पाणी तापते. हीच रीत शेतातल्या गुऱ्हाळावर मोठ्या प्रमाणात दिसते. काहिलीखालचे चुलवाण जमिनीत लांब खणलेले असते आणि त्याच्या दूरच्या टोकाला धुराडे असते. त्याशिवाय चिपाडाच्या जाळावर एवढा रस आटणारच नाही.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर हळूहळू स्पष्ट होते. गिरणी, इंजिन, बंब, गुऱ्हाळ: जेथे आगीला हवा हवी होती, तेथे तेथे चिमणी आली. चुलीची आग चिमणीवाचूनही जळत होती. तेथे चिमणी हवी होती ती चुलीपुढे बसणारीला. आणि ती गरज कोणाच्या जमाखर्चात नव्हती.

याला दुसरी बाजू आहे, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. धुराचे काही उपयोग होते. धुरामुळे तुळयांना कीड लागत नसे, आढ्याला टांगलेले बियाणे टिके, डास कमी होत. माळवदाला भोक पाडून नळी बसवली, की तेथून पावसाचे पाणी झिरपण्याची भीती असे. आणि भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी विस्तवाला उभी लावल्याशिवाय फुगत नाही. धूर नळीत जावा म्हणून चुलीचे तोंड लहान केले तर भाकरी कोठे शेकायची? चूल ‘सुधारायला’ निघालेल्या अनेकांना हा प्रश्न सुचलाच नाही.

मोजमाप सुरू झाले

या धुराकडे आपल्या देशात फार उशिरा लक्ष गेले. १९५९ साली डॉ. एस. पद्मावती आणि त्यांच्या सहकाऱ्याने दिल्लीतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे हृदयाची उजवी बाजू निकामी होण्याचा आजार धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांतही त्यांना मोठ्या प्रमाणात आढळला, आणि चुलीच्या धुराकडे बोट दाखवले गेले.

१९८१ साली अमेरिकन संशोधक कर्क स्मिथ यांनी अगरवाल आणि दवे यांच्याबरोबर गुजरातमधल्या काही खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावरच लहान पंप बसवून त्या श्वासात घेत असलेली हवा तपासली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात धूलिकणांचे प्रमाण घनमीटरमागे सुमारे सात मिलिग्रॅम निघाले. आज आपल्याकडे बाहेरच्या हवेतल्या दहा मायक्रोमीटरपर्यंतच्या कणांसाठी दिवसाच्या सरासरीची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम आहे. दोन्ही मापे तंतोतंत एकाच प्रकारची नाहीत, तरी अंतर केवढे आहे ते समजते. आणि त्या धुरात कोण होते? बेंझोपायरीन. लंडनच्या मुलांच्या अंगावरच्या काजळीत होते तेच रसायन शेणाच्या आणि लाकडाच्या धुरात होते. पर्सिव्हल पॉट यांचे निरीक्षण आणि हे मोजमाप यांत दोनशे आठ वर्षांचे अंतर आहे.

धूर घालवण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. ते आपल्या महाराष्ट्राला अभिमानास्पद आहेत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून १९४७ च्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ तयार झाली. १९५३ साली हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या एस. पी. राजू यांनी मातीची बिनधुराची चूल मांडली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला; २००२ पर्यंत त्यातून तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या.

त्यांतल्या किती टिकल्या? अनेक ठिकाणी वर्ष-दोन वर्षांत नळ्या काजळीने तुंबल्या, फुटल्या, किंवा चूलच मोडून जुनी घातली गेली. ओडिशातल्या धुराड्याच्या चुलींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर देखभाल आणि वापर दोन्ही घटले आणि आरोग्यावर फरक दिसला नाही. कारण आपण आधीच काढून ठेवले आहे. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा जोर पाण्याच्या एका मिलिमीटरचा असतो. गिरणीच्या चिमणीची देखभाल करायला पगारी माणसे होती. चुलीची नळी कोण आणि कधी साफ करणार, हे ठरवून दिलेले नव्हते.

धूर संपत नाही, जागा बदलतो

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी गरीब घरांपर्यंत पोचली. एका मोठ्या अभ्यासानुसार १९९० ते २०१९ या काळात घरातल्या धुराने होणाऱ्या मृत्यूंचा दर देशात सुमारे ६४ टक्क्यांनी घटला. हे फार मोठे यश आहे. तरी २०१९ या एका वर्षात अशा मृत्यूंचा अंदाज सहा लाखांच्या घरातला होता. आणि गॅस घरी असूनही सिलिंडरच्या किमतीमुळे पाणी तापवायला, भाकरी भाजायला चूल पेटतेच. त्याच तीस वर्षांत बाहेरच्या हवेच्या प्रदूषणाने होणाऱ्या मृत्यूंचा दर मात्र दुपटीहून अधिक झाला.

चिमणी फक्त जागा बदलते, हा धडा युरोपनेही घेतला. शहरे स्वच्छ राहावीत म्हणून तेथे वीजकेंद्रांच्या चिमण्या उंच केल्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले, की दूर देशांतला गंधकाचा धूर त्यांच्या तळ्यांत आम्लपाऊस होऊन पडतो आहे. आपल्याकडे धूर गाळणारी यंत्रणा नसलेल्या ५०० मेगावॅट आणि त्यापुढच्या औष्णिक संचांना २७५ मीटर उंच चिमणीचा नियम आहे. सोलापूरजवळचे वीजकेंद्र प्रत्येकी ६६० मेगावॅटच्या दोन संचांचे आहे. म्हणजे ज्या मोहोळच्या घरात गॅस आणि वीज आली, त्या घराचा धूर काही अंशी आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कितीतरी उंचावर निघतो.

सोलापूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. १५ जून २०२३ रोजी सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून पाडण्यात आली. त्या पाडापाडीवर शहरात खूप वाद झाला, बातम्या झाल्या. हे आम्ही बाजू घेण्यासाठी सांगत नाही. एवढेच सुचवायचे आहे, की उंच चिमणी उभी राहते तेव्हाही दिसते आणि पडते तेव्हाही दिसते. स्वयंपाकघरातल्या धुराची अशी बातमी कधी होत नाही.

१९८१ च्या हवा प्रदूषण प्रतिबंधक कायद्यात ‘चिमणी’ची व्याख्या दिली आहे. जिच्यातून हवा दूषित करणारा पदार्थ बाहेर पडू शकतो, अशी तोंड असलेली कोणतीही रचना म्हणजे चिमणी. या व्याख्येने पाहिले तर माळवदाचे सवणेसुद्धा चिमणीच ठरते! कायद्याला ती दिसलीच असेल असे नाही. पण आपल्या विद्यार्थ्यांना दिसायला हरकत नाही.

त्यासाठी एक छोटा उपक्रम सुचवतो. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आजीला किंवा शेजारच्या आजींना चार प्रश्न विचारावेत: लहानपणी घरात काय जळत असे? सरपण कोण आणत असे, आणि किती वेळ लागे? धूर कोठून बाहेर जाई? आणि डोळ्यांचा किंवा खोकल्याचा त्रास किती होता? उत्तरे वहीत तारखेसह लिहावीत. शक्य असेल तर आज चूल पेटते त्या घरात एक पांढरे फडके चुलीपासून तीन वेगवेगळ्या अंतरांवर आठवडाभर टांगावे आणि काळेपणाची तुलना करावी. रिंगेलमान यांचा तक्ता वहीच्या कागदावर मुलांना स्वतःच काढता येईल.

गिरण्यांच्या चिमण्यांचा इतिहास कागदपत्रांतून आणि छायाचित्रांतून मिळतो. सवण्यातून गेलेल्या धुराचा इतिहास मात्र या आज्यांकडेच आहे, आणि तो लिहून घ्यायला आपल्याकडे फार वर्षे उरलेली नाहीत.